फटकीची बोरी

"उन्मेष, शिनपॅड बांध," चंद्रभान सर मैदानावरची नजर न काढता म्हणाले, तेव्हा बाकावर बसलेल्या उन्मेषला वाटलं की या नावाचा आणखी कोणी खेळाडू संघात असावा. त्याने डावीकडे पाहिलं. तिथे राखीव गोलकीपर हातमोजे घालून बसला होता. उजवीकडचा पोरगा घोट्यावर बर्फाची पिशवी धरून होता आणि त्याने मान खाली घातली होती. बाकावर आणखी कोणी उरलं नव्हतं. मार्चमधलं ऊन सिमेंटच्या पायऱ्यांवरून परतून बाकाखाली शिरत होतं, आणि उन्मेषच्या पायांतले बूट अजून दुकानातल्यासारखे चकचकीत होते. सगळा सीझन तो हे बूट घालून वैनगंगा फुटबॉल क्लबच्या सामन्यांना येत होता, खेळाडूंच्या बसमध्ये बसत होता, फोटोत मागच्या रांगेत उभा राहत होता, आणि सामना संपला की बूट पिशवीत टाकून प्रताप नगरला घरी जात होता. आपल्याला कोणी उठायला सांगेल हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्याचं नाव संघात होतं ते खेळण्यासाठी नव्हतं. हे सरांना माहीत होतं, मालकांना माहीत होतं. आणि ज्याच्यामुळे ते नाव संघात आलं तो प्रीतम या घडीला स्ट्रेचरवरून ड्रेसिंग रूमकडे नेला जात होता.

प्रीतमचा पाय मोडल्याचा आवाज बाकापर्यंत आला होता. कळमन्याच्या बाजारात संत्र्याचं खोकं उघडताना फळी तडकते तसा, कोरडा आणि फारसा मोठा नसलेला. उन्मेषने ते नीट पाहिलं होतं. पुण्याहून आलेल्या संघाचा पाच नंबर, डोक्यावरचे केस विरळ झालेला, उजव्या गुडघ्याला पट्टी बांधलेला, बचावफळीच्या मधला स्टॉपर, मागून दोन्ही पाय पुढे टाकून घसरत आला, आणि प्रीतमची नडगी जिथे सांधा नसतो तिथे वाकली. मग तोच पाच नंबर गुडघ्यांवर बसला, प्रीतमच्या डोक्याखाली त्याने आपला तळवा घातला, आणि "हलू नको बाळा, हलू नको" असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. रेफरीने त्याला पिवळं कार्ड दाखवलं. पायऱ्यांवरून पाण्याच्या बाटल्या आल्या, एक चप्पल आली, कुणाच्या तरी आईचा उद्धार झाला. त्याच्याच संघातली पोरं त्याला "अण्णा, इकडे या" म्हणून ओढत होती आणि तो उठत नव्हता. उन्मेषला प्रीतमचं वाईट वाटलं. पण त्याच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि ते काय आहे हे त्याला लगेच कळलं, म्हणून त्याने नजर बुटांकडे वळवली. पाठीवरची बोरी, मिरचीने भरलेलं पोतं, दुसऱ्या कोणी उतरवून घ्यावी तसं त्याला हलकं वाटलं होतं.

ही बोरीची गोष्ट कळमन्यातली होती. उन्मेषची मोठी बहीण वैभवी, तिचा नवरा ऋषिकेश, आणि ऋषिकेशच्या वडिलांची मिरचीची अडत. उन्मेष तिथे सकाळी मालाची उतराई बघायचा. अडतीत एक रीत होती. चांगल्या लाल मिरचीच्या ढिगाला गिऱ्हाईक लागलं की त्याच्या गळ्यात फटकीची एक बोरी बांधायची. फटकी म्हणजे दवाने डागाळलेली, रंग उडून पांढरी पडलेली मिरची. घेणाऱ्याला ते दिसायचं, देणाऱ्याला तर माहीतच असायचं, पण चांगला माल हातचा जाऊ नये म्हणून घेणारा बोरी उचलायचा आणि तिचे पैसे मोठ्या हिशेबात विरघळून जायचे. भिवापूरच्या देवाजींची मिरची याच अडतीत यायची. एका वर्षी ऋषिकेश माल बघायला भिवापूरला गेला आणि माल न बघता संध्याकाळपर्यंत मैदानाच्या कडेला उभा राहिला, कारण देवाजींचा मुलगा प्रीतम तिथे खेळत होता. परत आला तो ठरवूनच. त्याने एजंटचा परवाना काढला, देवाजींची सही घेतली, आणि दोन क्लबांना एकमेकांची भीती घालून प्रीतमचा भाव वर नेला. मिरची काय न् स्ट्रायकर काय, उन्हात ठेवायचा आणि घाई करायची नाही, असं तो जेवताना सांगायचा. शेवटी कोळशाच्या ट्रकांचे मालक मनोहरराव यांनी आपल्या वैनगंगा क्लबसाठी प्रीतमला घेतलं. अडचण एजंटच्या फीची होती. क्लब मैदानाच्या गवतापेक्षा एजंटांवर जास्त उधळतो, अशी बोंब मनोहररावांच्या भागीदारांनी आधीच्या वर्षी मारली होती, आणि एजंटला काय दिलं ते लीगला कळवणं आता भाग होतं. तेव्हा ऋषिकेशने वडिलांची रीत काढली. फी म्हणून काही द्यायचंच नाही. प्रीतमसोबत आणखी एक खेळाडू घ्यायचा, दोन सीझनसाठी. त्याचा पगार हीच फी. असा खेळाडू घरातच होता. एकेकाळी खेळलेला, तिशी ओलांडलेला, नाही म्हणायची सवय नसलेला.

मनोहररावांच्या ऑफिसात उन्मेषने सही केली तेव्हा टेबलावरच्या काचेवर कोळशाची बारीक भुकटी होती आणि त्याच्या मनगटाची कड काळी झाली होती. गळ्यात क्लबचा पट्टा घालून फोटो निघाला. त्यानंतर दर महिन्याला पगार त्याच्या नावावर यायचा आणि ऋषिकेशकडे जायचा. तो पगार प्रीतमच्या पगारापेक्षा मोठा होता. प्रीतमला हे माहीत नव्हतं. उन्मेषदादाचा गुडघा दुखावला आहे असं त्याला सांगितलेलं होतं, आणि बसमध्ये तो खरोखरीच्या काळजीने विचारायचा की दादा, गुडघा काय म्हणते. त्यामुळे उन्मेषला लंगडायला शिकावं लागलं. आधी तो कधी डाव्या तर कधी उजव्या पायाने लंगडायचा. मग एकदा राखीव गोलकीपर हसला आणि त्याने उजवा पाय कायमचा धरला. घरी वैभवी त्याची जर्सी धुऊन समोरच्या गॅलरीत वाळत घालायची. शेजारच्या कुसुमताईंनी कौतुक केलं तेव्हा ती म्हणाली होती, आमचा भाऊ लई सोयीचा खेळाडू हाय वं, घाम न येता जर्सी धुवायले टाकते. दोघी हसल्या. तो आत होता. त्याने न्हाणीघराचं दार लावून घेतलं आणि भिंतीवर लाथ मारली, मग पुन्हा मारली, अंगठ्याचं नख काळं पडेपर्यंत. नख पुढे गळून गेलं. सामन्याच्या दिवशी बाकावर बसून तो एवढंच काम करायचा की त्या वीस वर्षांच्या पोराला पळताना बघायचं, आणि हा पडला तर काय होईल याचा विचार मनात येऊ द्यायचा नाही. तो विचार दर सामन्याला यायचा. आज पोरगा पडला होता.

नडगीवरच्या शिनपॅडचा पट्टा त्याच्या हातात होता तेव्हा ऋषिकेश पायऱ्यांवरून उतरून दोरीशी आला. प्रीतम पडल्यापासून तो फोनवर होता, अजूनही फोन त्याने कानाला धरलेला होता आणि दुसऱ्या हाताने तो उन्मेषला खाली बस म्हणून खुणावत होता. फोन छातीशी दाबून तो हळूच म्हणाला, "जाऊ नको बे. गुडघा धर आन् पड इथंच. रोज लंगडते तं आजच काय झालं?" उन्मेषने सरांकडे पाहिलं. सर ऋषिकेशकडे पाहत नव्हते, कारण त्याच वेळी मनोहरराव गळ्याभोवती ओला रुमाल घालून खाली आले होते. सामना बरोबरीत होता. बरोबरीत सुटला तरी वैनगंगा वरच्या लीगमध्ये जाणार होता, आणि ही एक गोष्ट तीन वर्षं मनोहररावांनी घरीदारी सांगितली होती. त्यांनी सरांना विचारलं की काय धोका आहे. सर म्हणाले की धोका एकच आहे, पाच नंबर. प्रत्येक कॉर्नरला तो पुढे येतो आणि डोकं लावतो. दोनदा बॉल खांब्याला लागून गेला, तिसऱ्यांदा जाणार नाही. सह्यांच्या दिवसानंतर पहिल्यांदाच मनोहररावांनी उन्मेषकडे नीट पाहिलं. डोक्यापासून बुटांपर्यंत. कळमन्यात घेणारा बोरीत हात घालून बघतो तसं.

"याले लाल कार्ड भेटलं तं आपलं काय जाते?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही," सर म्हणाले. "आत्ता बी दहाच हायेत आपले. मंग बी दहाच राहतीन."

"तं मंग पाच नंबरले सोबत घेऊन जाऊ दे याले बाहेर." ते ऋषिकेशकडे वळले आणि त्यांचा आवाज अगदी गोड झाला. "ऋषिकेशराव, तुमची फी आज वसूल होऊ द्या."

ऋषिकेश हसला, कारण मालक बोलले की हसायची त्याला सवय होती. मग त्याचा चेहरा उतरला. असं काही झालं तर लीगवाले चौकशी लावतील, हा कोण, कुठून आला, एवढा पगार कायचा, असं तो भराभर म्हणू लागला. मनोहररावांनी रुमालाने मान पुसली. विचारू द्या, ते म्हणाले. खेळाडू हाय म्हणा. कालपर्यंत नव्हता, आज हाय. आणि ते पायऱ्या चढून गेले. उन्मेषला कोणी काही विचारलं नव्हतं, तरी सगळं त्याच्यावरच येऊन थांबलं होतं. गुडघ्यावर एक हात ठेवला की तो यातून सुटत होता. लंगडणं त्याच्या अंगवळणी पडलं होतं. पण मग उद्या सकाळी पुन्हा अडत, पुन्हा गॅलरीतली जर्सी, पुढचा अख्खा सीझन हाच बाक. आणि उठला तर खेळाडू. एका माणसाचा पाय मोडण्यापुरता, पण खेळाडू.

एकोणिसाव्या वर्षी त्याची निवड व्हायची होती. तेव्हा तो स्वतः स्टॉपर होता, अंगाने भरलेला, हेडरला चांगला. निवडीच्या सामन्यात मैदानाच्या मध्यावर एक बॉल सुटला, तो आणि समोरचा, दोघांच्या बरोबर मधे. दोघे धावले. शेवटच्या पावलाला उन्मेषने पाय चोरला. मुद्दाम नाही. पायानेच तो निर्णय घेतला, जसा हात गरम तव्यावरून उडतो. बघणाऱ्यांपैकी कुणाच्या ते लक्षातही आलं नाही, असं त्याला वाटलं. संध्याकाळी मैदानाबाहेरच्या टपरीवर तर्री पोहे खाताना चंद्रभान सर त्याच्याजवळ आले होते. सर तेव्हा नुकतेच निवडायला बसू लागले होते. पाय घाबरते तं घाबरते गा, त्याले इलाज नसते, असं त्यांनी सांगितलं होतं, रागावून नाही, वैद्याने दुखणं सांगावं तसं. त्यांनी आपल्या ताटलीतला लिंबू त्याच्या पोह्यांवर पिळला आणि ते निघून गेले. त्या लिंबाचा उन्मेषला अजून राग होता. झोपेत त्याचा उजवा पाय झटका देऊन पुढे जायचा. बायको होती तोवर तिला लागायचं. ती माहेरी निघून गेली त्याला तो पाय कारण नव्हता, पण जाताना तिने तेही सांगितलं होतं. आता सर त्याच्यासमोर वाकले, त्यांनी त्याच्या पॅडचा पट्टा ओढून पक्का केला, आणि त्याला कळलं की सर काही विसरलेले नाहीत.

"या टायमाले चोरू नको," सर म्हणाले.

माइकवरून त्याचं नाव पुकारलं गेलं.  पायऱ्यांवरून कुणीतरी विचारलं, हा कोन हाय बे, आणि दुसऱ्याने तितक्याच मोठ्याने सांगितलं, ओळखत नाही का, एजंटचा साळा हाय, कमिशन हाय थे. हशा पिकला. रेषा ओलांडून तो आत गेला तेव्हा एका कोपऱ्यातून सुरू झालेलं सगळ्या पायऱ्यांवर पसरलं होतं: क-मि-शन, क-मि-शन, मधे दोन टाळ्या. सगळा सीझन ज्या गोष्टीच्या भीतीने तो लंगडत होता ती लोकांना पाठ होती. त्याचे कान तापले. जमीन त्याच्या आठवणीपेक्षा कडक होती, आणि मैदान इतकं मोठं होतं की आपण कुठे उभं राहायचं हे त्याला कळेना. एक बॉल त्याच्या दिशेने आला. तो वळेपर्यंत निळ्या जर्सीतल्या एका पोराचं कोपर त्याच्या तोंडावर बसलं होतं आणि बॉल पार गेला होता. खालचा ओठ दातात फाटला. त्याने बोटांनी ओठ चाचपला, आणि सकाळी मिरचीत बुडालेली ती बोटं, दोनदा साबणाने धुतलेली असूनही, जखमेला अशी लागली की डोळ्यांसमोर पांढरं झालं. रक्त गिळावं की थुंकावं ते ठरेना. त्याने गिळलं. मारणाऱ्याला मारावं एवढी एकच इच्छा अंगभर झाली, आणि ती बरी वाटली. तिच्यामुळे कुठे उभं राहायचं ते कळलं.

तो पाच नंबरजवळ जाऊन उभा राहिला. अण्णा धापा टाकत होता. जवळून तो आणखी थकलेला दिसत होता. गुडघ्याची पट्टी मातीने तपकिरी झाली होती, आणि वय उन्मेषएवढंच किंवा थोडं जास्तच होतं. त्याने उन्मेषच्या ओठाकडे पाहिलं, मग पायांकडे. "पॅड उलटं बांधलंय तुम्ही," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "निमुळता भाग खाली. लागलं तर फुकट जाईल नडगी."  पायऱ्यांवरच्या चार हजार माणसांनी कमिशन म्हटलं ते उन्मेषने ऐकून घेतलं होतं, कोपर खाल्लं होतं, पण हे त्याला सोसेना. त्या माणसाने त्याला खाली वाकून पॅड सरळ करण्याइतका वेळ दिला. सहजपणे, कामावर आलेल्या नव्या माणसाला जुन्याने द्यावा तसा. उन्मेष वाकला नाही. त्याच्या डोक्यात कळमन्यातली एक सकाळ आली, जिचा याच्याशी काही संबंध नव्हता. दोन हमाल एका बोरीवरून भांडले होते, आणि बोरीत रुतवायचा लोखंडी हुक एकाने दुसऱ्याच्या तळहातातून आरपार घातला होता. ज्याला लागलं तो आधी ओरडला नाही. कुणीतरी हातावर प्रसाद ठेवावा तसा तो आपल्या तळहाताकडे बघत राहिला, आणि मग मिरचीच्या बोरीवर हळूच बसला. उन्मेष तेव्हा सगळ्यात पुढे उभा होता. रात्री जेवताना त्याला आठवलं होतं की ज्याने हुक मारला त्याचा चेहरा आपण पाहिलाच नाही.

पुण्याच्या संघाला कॉर्नर मिळाला. अण्णा संथपणे पुढे चालत वैनगंगाच्या गोलसमोर आला, उन्मेष त्याच्यामागे. गोलसमोर खेचाखेची सुरू झाली, जर्सी ओढल्या जाऊ लागल्या, कुणाची थुंकी उन्मेषच्या मानेवर पडली. कोपऱ्यात हात वर गेला असावा, कारण सगळी शरीरं एकदम ताठ झाली. अण्णाने दोन पावलं मागे घेतली, धावायला सुरुवात केली, आणि उडी मारण्यासाठी उजवा पाय जमिनीत रोवला. उन्मेषला पट्टी दिसली. पट्टीच्या कडेला निघालेला एक दोरा दिसला, पोटरीवरचा घाम, बुटाखाली उखडलेलं गवत. शेवटचं पाऊल आलं. त्याच्या उजव्या पायात निवडीच्या सामन्यातला तो जुना झटका सुरू झाला, मागे खेचणारा, आणि त्याने पूर्ण अंगाचं वजन त्याच्या विरुद्ध टाकलं. पाय चोरला नाही. बुटाचे खिळे पट्टीवर बसले. आधी मऊ लागलं, मग कठीण, आणि मग ते कठीणसुद्धा सरकलं आणि पुन्हा मऊ झालं. हे त्याला बुटातून, स्वतःच्या गुडघ्यातून, थेट दाढेपर्यंत कळलं. दोघे एकमेकांवर पडले. अण्णाचा चेहरा त्याच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर होता, तोंड उघडं, आश्चर्य वाटल्यासारखं. काही क्षण तसाच राहिला. मग तो ओरडला, आणि तसा ओरडा माणसाच्या गळ्यातून येताना उन्मेषने पूर्वी कधी ऐकला नव्हता.

त्यानंतर त्याच्यावर सगळे तुटून पडले. पाठीत खिळे बसले, कुणीतरी केस धरून डोकं जमिनीवर आपटलं, बरगडीत लाथ बसली आणि श्वास आत जाईना. त्याच्या संघातले मधे पडले ते त्याला सोडवायला की हात धुऊन घ्यायला हे सांगता आलं नसतं. एकाच्या दातांत दुसऱ्याचं मनगट होतं. रेफरीभोवती दोन्ही संघांची एवढी गर्दी झाली की त्याची फक्त लाल कार्ड धरलेली बोटं वर दिसत होती. उन्मेष उठला. अण्णाचा बूट उलट्या दिशेला तोंड करून पडला होता, आणि त्यात पाय होता. तो बाहेर चालू लागला तेव्हा पायऱ्यांवरचा आवाज बदललेला होता. आधी त्याला शब्द लागला नाही. मग लागला. ते त्याचं नाव होतं, टाळ्या त्याच होत्या, जागाही त्याच. लोक उभे राहून, छात्या ठोकत त्याचं नाव घेत होते, आणि त्याच्या अंगावर काटा आला. आनंद झाला होता. दुसरा कुठला शब्द शोधून उपयोग नव्हता. एवढा आनंद त्याला लग्नात झाला नव्हता, आणि तो कुणाला दिसू नये म्हणून त्याने मान खाली घातली. बाकाजवळून जाताना सर त्याच्याकडे बघत नव्हते. ते मैदानाकडे बघत होते, दोन्ही हात डोक्यावर ठेवून. ऋषिकेश कुठे दिसला नाही. उन्मेष लंगडत होता. या वेळी खरोखर.

ड्रेसिंग रूममध्ये प्रीतम एकटाच लाकडी टेबलावर पडला होता. नडगी दोन फळ्यांमध्ये बांधली होती. अँब्युलन्स गेटवरच्या मोटारसायकलींमध्ये अडकली आहे, आणि डॉक्टर तीच बघायला गेले आहेत, असं त्याने सांगितलं. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं, वरच्या ओठावर घाम होता. उन्मेष भिंतीला टेकून खाली बसला. ओठ सुजून जड झाला होता. याला सांगावं, असं त्याला फार वाटत होतं. सगळ्यात आधी यालाच.

"तुम्ही खेळून आले, दादा?" प्रीतमने विचारलं. त्याच्या आवाजात एवढा निर्मळ आनंद होता की उन्मेषने फक्त मान हलवली. गुडघा बरा झाला मंग, असं प्रीतम म्हणाला आणि हसायला गेला, पण पाय हलला आणि हसू अर्ध्यात मोडलं. थोड्या वेळाने त्याने विचारलं की तो मोठा गलका कायचा होता, गोल पडला की काय.

"पाच नंबरले पाडलं मी," उन्मेष म्हणाला. "आता उठत नाही तो. तुह्या पायाचं केलं बराबर."

प्रीतमने डोळे मिटले. तो खूश होईल, निदान काहीतरी म्हणेल, म्हणून उन्मेष थांबला. डोळे न उघडताच प्रीतमने विचारलं, "कुठी पाडलं?"

"कॉर्नरवर. आपल्या गोलसमोर."

"डीमधी?" आता त्याचे डोळे उघडले. त्याने कोपरांवर उठायचा प्रयत्न केला. "दादा, कॉर्नर मारून झाला होता का तवा? बॉल चालू होता का?"

 आपल्या गोलसमोरच्या चौकोनात, बॉल खेळात असताना माणूस पाडला तर पेनल्टी, हे भिवापूरच्या शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. उन्मेषला स्वतःला ते तेव्हापासून ठाऊक होतं जेव्हा त्याला बुटांचे बंद बांधता येत नव्हते. त्याने सगळं पुन्हा पाहिलं. पट्टी, पट्टीचा दोरा, पोटरी, उखडलेलं गवत, हातभर अंतरावरचं तोंड. सगळं जागच्या जागी होतं, लख्ख, आयुष्यभर राहील असं. बॉल कुठेच नव्हता. कोपऱ्यातून निघाला होता की नाही, डोक्यावरून गेला की मागेच पडून होता, त्याने पाहिलं नव्हतं. निघताना रेफरीचा हात कुठे होता तेही पाहिलं नव्हतं. तो लोक काय ओरडतात ते ऐकत होता.

"दादा," प्रीतम म्हणाला, "बॉल कुठी होता?"

बाहेर अजून त्याचं नाव चाललं होतं, टाळ्यांसकट. मग ते एका बाजूने विरळ झालं, दुसऱ्या बाजूने तुटलं, आणि थांबलं. एवढी माणसं एकाच वेळी गप्प होतात तेव्हा बॉल पेनल्टीच्या ठिपक्यावर ठेवलेला असतो हे त्या खोलीतल्या दोघांनाही माहीत होतं. प्रीतमने टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. शिटी वाजली.